भिंतीवरचे वर्ष

कोणत्या प्रांतात चहा अधिक पितात, सिनेमात कोणाची गाणी अधिक, माणसाचा दिवस कशाकशात जातो, असल्या गोष्टी रंगीत आकृत्यांनी दाखविण्याची हौस हल्ली फार वाढली आहे. हौस नवी असली तरी विद्या जुनी. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली लंडनमध्ये व्यापाराचे आलेख छापले. पुढे १८५८ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलने पाकळ्यापाकळ्यांची एक आकृती काढली. एकेका महिन्याला एकेक पाकळी. आणि क्रिमियाच्या युद्धात शत्रूच्या शस्त्रांपेक्षा रोगराईनेच सैनिक अधिक मेले, हे पाहणाराला एका दृष्टिक्षेपात कळावे!

अशी एक आकृती आपल्याही घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे आपले कॅलेंडर. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि पंचांगातले ज्ञान बोटभर चौकोनात येऊन बसले. तारीख, तिथी, नक्षत्र, एकादशी, निरनिराळ्या धर्मांचे सण आणि लाल रंगातली सुट्टी! पंचांग उघडण्यास भटजी लागत. चौकोन वाचावयास सातवीतली नातही पुरते.

आम्हा हैदराबादकरांना तर असा तक्ता हवाच, कारण येथे काळ एका मापाने कधी मोजला गेलाच नाही. आपला पाडवा आणि तेलुगू शेजाऱ्यांची उगादी एकाच दिवशी. बेगमबाजारातल्या मारवाडी घरी मात्र महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपल्या श्रावण वद्यातली गोकुळाष्टमी त्यांच्या भाद्रपदात पडते. रमजान दरसाल सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. आणि निजामी अमदानीतले सरकारी वर्ष होते फसली! अखेरच्या काळात ६ ऑक्टोबरला आजूर महिना लागे आणि वर्ष पालटे. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस त्या हिशेबाने १३५७ फसलीच्या आबान महिन्यातला. जुन्या घरांतल्या ट्रंकांत अशा तारखांचे कागद अजून असतील. ते लावण्याची रीत सोपी आहे : तारीख ६ ऑक्टोबर ते डिसेंबर यांतली असेल तर फसली सनात ५९० मिळवावे, त्यापुढची असेल तर ५९१.

पण छापलेला भाग सर्वांचा. आपला भाग शाईचा. दुधाचे खाडे, गॅसचे सिलिंडर आल्याचा दिवस, मोलकरणीची रजा, कुरडया घातल्या ती तारीख, कोणाचे श्राद्ध, कोणाचे बारसे. ओळीने आठ दिवस खाडे दिसले, तर मंडळी परभणीला लग्नास गेली होती असे समजावे. दूध एकदम दुप्पट झाले, तर मुलगी बाळंतपणास माहेरी आली होती. घरातल्या वर्षाचा याहून खरा आलेख कोणता संख्याशास्त्रज्ञ काढील?

आता ही नोंद भ्रमणध्वनीत जाऊ लागली आहे. तेथे ती सुरक्षित असेल, सोयीचीही असेल. पण ज्याची त्याच्या खिशात! भिंतीवरची नोंद येता-जाता सारे घर वाचत असे. सासऱ्यांच्या औषधाची तारीख सुनेस आणि सुनेच्या परीक्षेची तारीख सासऱ्यांस न विचारता कळे.

आणि डिसेंबर सरला की या कॅलेंडराचे काय होते? वह्यांना कव्हरे, नाही तर फडताळात अंथरायला कागद! काचीगुडा, गौळीगुडा, सुलतानबाजार येथील किती जुन्या घरांतून आजींची हस्ताक्षरे अशी फडताळांच्या तळाशी गेली असतील! त्या वर्षाच्या तिथी कोठेही मिळतील. परंतु ‘आज दूध नको, सगळे बिदरला’ ही ओळ दुसरीकडे कोठेच छापलेली नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा नवे कॅलेंडर टांगाल तेव्हा जुने टाकू नका. गुंडाळून, वर साल घालून, त्या फसली कागदांच्याच ट्रंकेत ठेवा. नातवंडांना आपले घर कसे चालत होते हे एखादे दिवशी विचारावेसे वाटेल, आणि तेव्हा सांगणारे माणूस घरात असेलच असे नाही.