गोठ्यातली चेतक उठवताना

आकुर्डीत १९७२पासून बनू लागलेली बजाज चेतक स्कूटर अजूनही एखाद्या शेतावर कडब्याआड उभी दिसते. तिला वेगळी चॅसिस नाही. दाबून घडवलेला पोलादी पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणून रंगाचा विचार करण्याआधी पायाखालचा पत्रा खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. भोक पडलं तर नवा पत्रा वेल्ड करून घ्या. नुसती लांबी भरली, तर गंज आतून खातच राहतो.

लगेच किक मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग किक हाताने हळूच दाबा. जुनं पेट्रोल काढून कार्बोरेटर साफ करा. इंजिन टू-स्ट्रोक आहे, नव्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलंच पाहिजे.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगसाठी पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठा. जुना तुकडा नमुन्याला न्या. एकतारी वायर हादऱ्यांनी तुटते, बहुतारीच मागा.

इंजिन आणि बॉडी मूळचीच जपा, हे मी आग्रहाने सांगेन. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही.

पुन्हा शेतावर ठेवायची असेल तर खताच्या पोत्यांपासून लांब ठेवा, क्षारांनी पत्रा लवकर गंजतो. वर प्लास्टिक नको, सुती चादर घाला.