देवचार आणि संतांची परीक्षा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावच्या कॅम्प भागातील एक ख्रिस्ती विद्यार्थी नववीच्या वर्गात संत अँथनीची कथा सांगण्यास उभा राहिला. रानातल्या एका थडग्यात राहणाऱ्या त्या संताला रात्री देवचारांनी येऊन बेदम मारले, असे तो सांगू लागताच चंदगडकडची मुले खो खो हसली. पाठ पाहण्यासाठी आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. आम्हीही हसलो, आणि वर म्हणालो, "म्हणजे संतालाही बाहेरचे झाले म्हणायचे!" मुलगा खाली बसला. त्यानंतर वर्षभर तो वर्गात आपण होऊन बोलला नाही. आमचे ते वाक्य केवळ दुखावणारेच नव्हे, तर चुकीचेही होते. ते कसे, हे समजण्यास आम्हांस बरीच वर्षे लागली.

मुलांच्या हसण्याचे मूळ एका शब्दात होते. कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावरील काही गावांत देवचार हा गावाच्या शिवेचा राखणदार. रात्री तो हाती काठी घेऊन हद्दीवरून फिरतो, वाट चुकलेल्यास घरी पोहोचवितो, अशी श्रद्धा आहे. त्याला रोट देतात, कोठे कोठे विडीही ठेवतात. असा आपला राखणदार एका साधूला मारील कशाला? उलट त्या मुलाच्या घरी कोकणी बोलली जाई, आणि ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतान. एकाच शब्दाच्या दोन टोकांना दोन घरची मुले उभी होती.

हा अर्थबदल जुना आहे. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापविलेल्या 'क्रिस्तपुराणा'त सैतानाला देवचार हेच नाव आढळते. (हा ग्रंथ १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला, हे सभासदांस ठाऊक असेलच.) स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द घेणाऱ्या स्टीफन्सांनी प्रतिष्ठित शब्दांना नव्या धर्मात मानाचे स्थान दिले. शिवेवरच्या गरीब राखणदाराच्या वाट्याला मात्र शत्रूची भूमिका आली. भाषेच्या इतिहासात असे अन्याय घडतात. आम्हांस तो काहीसा खटकतो.

आता आमच्या चुकीकडे वळू. आपल्याकडे ज्याला लागीर झाले, तो झपाटला जातो. त्याचे भान सुटते, त्याच्या तोंडून दुसराच कोणी बोलतो. मग देवरुषी येतो. ख्रिस्ती संतचरित्रांतील प्रसंग नेमके याच्या उलट आहेत. तेथे आघात बाहेरून होतो. देह पिटला जातो, मन गांजते, परंतु इच्छा मोडत नाही आणि भान सुटत नाही.

या साऱ्या कथांचा मूळ नमुना म्हणजे इजिप्तमधील अँथनीचे चरित्र. (पादुआचा अँथनी, ज्याची जीवनकथा सतराव्या शतकात आंतोनियो दि साल्दान्य यांनी मराठीत लिहिली, तो निराळा. तो नऊ शतकांनंतर जन्मला.) आपला अँथनी सुमारे २५१ साली सधन शेतकऱ्याच्या घरी जन्मला आणि ३५६ साली वारला. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेशियस यांनी थोड्याच वर्षांत त्याचे चरित्र ग्रीकमध्ये लिहिले. त्यात सैतान प्रथम अक्राळविक्राळ रूपात येतच नाही. तो आठवणी घेऊन येतो. वाटून टाकलेली जमीन, मागे सोडलेली धाकटी बहीण, आप्तांची माया, नावलौकिक, सुग्रास अन्न, आणि या वाटेचे कष्ट तुझ्या शरीरास झेपणार नाहीत ही काळजी. यांतील एकही गोष्ट स्वभावतः वाईट नाही, हे ध्यानात घ्यावे. बहिणीची काळजी वाटणे हे काय पाप आहे? ते जमले नाही तेव्हा मार येतो, सिंह, लांडगे, साप, विंचू येतात. बेशुद्ध पडलेल्या अँथनीला लोक गावात उचलून आणतात. मध्यरात्री शुद्धीवर येताच तो मित्राला म्हणतो, मला परत तेथेच ने. उभे राहवत नाही म्हणून तो पडल्यापडल्या प्रार्थना करतो. शेवटी प्रकाश दिसतो, तेव्हा तो विचारतो की इतका वेळ आपण कोठे होता? उत्तर मिळते की येथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो.

ती श्वापदे खरी की उपवासाने आणि एकांताने उठविलेली, या वादात आम्ही पडत नाही. आपल्या वाचकांस येथे षड्रिपू आणि तुकोबांची अंतर्बाह्य युद्धाची भाषा आठवेल, आणि ती आठवावीही. मात्र दोन्ही एकच, असे घाईने म्हणू नये. षड्रिपू आपलेच विकार होत. ख्रिस्ती मताप्रमाणे सैतान हा स्वतंत्र इच्छा असलेला, पतन पावलेला देवदूत आहे. तो बोलतो, वाद घालतो, हरतो.

आणि वेषांतरही करतो. अँथनी शिष्यांना बजावतो की दुष्ट आत्मे कधी साधूच्या वेषात येऊन प्रार्थनेसाठी उठवितात, आणखी उपास कर म्हणून आग्रह धरतात, माणूस थकून मार्गच सोडील या हेतूने. बाराशे वर्षांनंतर जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी हाच धागा धरला. १५२२-२३ साली मान्रेसा येथे त्यांना हवेत एक सर्पासारखी तेजस्वी आकृती दिसे, आणि ती पाहून फार समाधान वाटे. ते समाधानच फसवे होते, हे त्यांना पुढे उमगले.

शिक्षकांस त्यांचा दुसरा प्रसंग अधिक जवळचा वाटेल. तिशी उलटलेले इग्नेशियस बार्सिलोना येथे लॅटिन व्याकरण शिकू लागले. पाठांतरास बसले की मनात परमार्थाचे नवे नवे गोड विचार येत आणि धातूंची रूपे डोक्यात राहत नसत. प्रार्थनेत येत नाहीत इतके उत्कट विचार नेमके व्याकरणाच्याच वेळी कसे येतात, हे त्यांनी स्वतःस विचारले आणि ओळखले की हाही मोहच. ते आपल्या गुरुजींना चर्चमध्ये घेऊन गेले, सारे सांगितले, आणि पोटापुरती भाकरी व पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे आपला एकही पाठ चुकविणार नाही, असे वचन त्यांना दिले. पुढे तो त्रास त्यांना झाला नाही.