येडशीचा पाहुणा आणि अरण्यरक्षणाचा पेशा

डिसेंबर २०२४ मध्यें धाराशिव जिल्ह्यांतील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यांत बसविलेल्या एका स्वयंचलित कॅमेऱ्यानें वाघाचें छायाचित्र टिपलें. रामलिंगाच्या दर्शनास अथवा पावसाळ्यांत तेथील धबधबा पाहण्यास गेलेल्या कित्येक श्रोत्यांना हें रान ठाऊक असेल. बालाघाटाच्या रांगेंत वसलेलें हें अभयारण्य १९९७ सालीं घोषित झालें. त्याचा विस्तार अवघा बावीस चौरस किलोमीटरांचा. मोर, ससे, कोल्हे, रानडुकरें आणि क्वचित् बिबट्या, अशी त्याची प्रजा. अशा ठिकाणीं वाघ कोठून यावा? छायाचित्रांतील पट्टे पूर्वीच्या छायाचित्रांशीं ताडून पाहिले, तेव्हां असें ठरलें कीं, हा तरुण नर यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून, म्हणजे सुमारें साडेचारशे किलोमीटर अंतरावरून, आलेला आहे.

त्या दिवसांत चर्चा झाली ती वाघाची. आणि तें स्वाभाविकच होतें. परंतु कॅमेरा कोणी बसविला, पट्टे कोणी वाचले, भ्यालेल्या गांवांना धीर कोणी दिला, हा प्रश्न त्याहून कमी महत्त्वाचा नाहीं. “मला वन्यजीवांसाठीं काम करावयाचें आहे,” असें घरांतील मुलगा किंवा मुलगी म्हणूं लागली कीं, “वाघ मोजून का कोठें पोट भरतें?” असा सवाल वडील माणसांच्या ओठांवर येतो. ह्या सवालाचें उत्तर द्यावयाचें, तर येडशीच्या ह्या पाहुण्याच्या मागावर थोडें चालून पाहावें.

पहिला मान वनरक्षकाचा. वनखात्याच्या उतरंडींत हें पद सर्वांत खालचें. पण जंगलाची खरी ओळख त्यालाच असते. पाणवठा कोठें आहे, जनावरांची वाट कोणत्या ओढ्यांतून जाते, ह्याची माहिती त्याच्या पायांत असते. ज्या पायवाटेनें जनावर जाण्याचा संभव, तिच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर दोन कॅमेरे बांधावयाचे असतात. समोरून ऊब असलेली वस्तु हलली कीं कॅमेरा आपोआप चालतो. कॅमेरे दोन कां, तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. दोन्ही कुशींचीं चित्रें मिळालीं म्हणजेच ओळख पक्की होते. आणि कोणत्याहि दोन वाघांचे पट्टे सारखे नसल्यामुळें, माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें त्यांवरून वाघ ओळखतां येतो. पूर्वीं केवळ पायांच्या ठशांवरून वाघ मोजीत. त्या पद्धतींतील चुका ध्यानांत आल्यावर, २००६ पासून देशभरच्या गणनेंत छायाचित्रांच्या ह्या पद्धतीला प्रमुख स्थान मिळालें.

येथून संशोधकाचें काम सुरू होतें. वाघाचा बच्चा सुमारें दोन वर्षांचा झाला म्हणजे आईचा मुलूख सोडून स्वतःचा मुलूख शोधूं लागतो. टिपेश्वराचें क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरांच्या आंत; तेथें वाघ वाढले कीं तरुणांना बाहेर पडणें प्राप्तच होतें. २०१९ मध्यें अशाच एका तरुण वाघाच्या गळ्यांत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनें रेडिओ-पट्टा बांधला होता. तो तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. हा प्रवास मनुष्यवस्तीला जवळजवळ न कळतां झाला, आणि तो ज्ञात झाला तो त्या पट्ट्यामुळेंच. अशा अभ्यासांतून वाघांच्या वाटा नकाशावर उमटतात, आणि रस्ता, कालवा किंवा लोहमार्ग आंखतांना कोणती जागा मोकळी ठेवावी, हें सांगतां येतें. ह्या कामास प्राणिशास्त्र तर लागतेंच. पण गणित, संख्याशास्त्र व संगणक ह्यांच्यावांचून तें पुरें होत नाहीं. चांगलें गणित येणाऱ्या मुलीलाहि अरण्याचें दार उघडें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

२०२५च्या आरंभीं ह्या वाघास गुंगीचें औषध देऊन पकडावें व सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत न्यावें, असें ठरलें. बाहेरून जाणतीं पथकें आलीं. महिने लोटले, परंतु वाघ हातीं लागला नाहीं. ह्यांत आश्चर्य नाहीं. औषधाची सुई फेंकावयाची ती थोड्या अंतरावरून. औषधाची मात्रा जनावराच्या वजनाच्या अंदाजावर ठरवावयाची. सुई लागल्यावरहि गुंगी येण्यास कांहीं मिनिटें जातात, आणि तेवढ्यांत जनावर विहिरीकडे धांवेल कीं वस्तीकडे, हें कोणी सांगावें? येथें पशुवैद्याची कसोटी लागते. मराठवाड्यांत परभणी व उदगीर येथें पशुवैद्यकाचीं महाविद्यालयें आहेत. तेथून गाई-म्हशींचा वैद्य होऊन बाहेर पडलेला तरुण पुढील शिक्षण घेऊन वन्यप्राण्यांचाहि वैद्य होऊं शकतो. आणि तसें न झालें तरी त्याची विद्या गांवांत उपाशी राहत नाहीं.

पण सर्वांत नाजूक काम ह्यापुढचें आहे. वाघानें एखाद्याची गाय मारली, तर त्या घराचें दूध आणि दुधाचा पैसा एका रात्रींत जातो. वेळेवर खबर देणें, जागेवर पंचनामा होणें, भरपाईचा कागद योग्य टेबलावर पोहोंचणें, हीं कामें दिसावयास रुक्ष. परंतु वाघाचें आयुष्य पुष्कळदां त्यांवर टांगलेलें असतें. भरपाई लांबली तर रागाच्या भरांत मेलेल्या जनावरावर विष टाकलें जाण्याचें भय असतें. आणि तें विष वाघाबरोबर कोल्हा, गिधाड, कुत्रा ह्या सर्वांना मारतें. म्हणून शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेणारा, त्याच्याच बोलींत त्याला नियम समजावून देणारा कार्यकर्ता हाहि अरण्याचा रक्षक होय. हें काम परगांवच्या पंडितापेक्षां कळंब, भूम, परंडा येथील मुलाला अधिक चांगलें साधेल.

लोकांना वगळून केलेलें रक्षण कसें फसतें, ह्याचा धडा शेजारींच आहे. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य घोषित झालें. त्याचा विस्तार सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचा. त्यांत शेतें आलीं, घरें आलीं, गांवेंच्या गांवें आलीं. जमिनीच्या व्यवहारांत अडचणी उभ्या राहिल्या आणि निरपराध पक्षी लोकांच्या रोषास पात्र झाला. पुढें हें क्षेत्र घटवून सुमारें बाराशें बावीस चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. मध्यंतरीं गवताळ माळ नांगरले गेले, तारांचें जाळें पसरलें, आणि नान्नजच्या माळावर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. सरकारी दप्तरांत असा माळ पुष्कळदां ‘पडीक’ म्हणून नोंदलेला असतो. हौसेनें तेथें झाडें लावलीं जातात. आणि उघड्या रानावर वाढणारे माळढोक, लांडगा, काळवीट बेघर होतात. धाराशिव जिल्ह्यांत दाट वन अत्यल्प. त्याचें खरें वैभव हे माळच आहेत. त्यांचा अभ्यास करणारा तरुण जंगल नसलेल्या जिल्ह्यांतहि जन्मभर पुरेल एवढें काम मिळवील.

आतां पोटाचा प्रश्न. शासकीय नोकरींत तीन पायऱ्या आहेत. वनरक्षकाच्या भरतीस बारावीपर्यंतचें शिक्षण व धांवण्याची परीक्षा. वनक्षेत्रपाल व सहायक वनसंरक्षक ह्या जागांस पदवी आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. भारतीय वनसेवेस संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा. संशोधनाची आवड असल्यास डेहराडूनच्या संस्थेंत १९८८ पासून वन्यजीवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बंगळुरासहि तसा आहे. मात्र ह्या वाटा अरुंद आहेत. जागा मोजक्या, उमेदवार हजारों. संशोधनांतील पुष्कळ कामें ठराविक मुदतीचीं, आणि मुदत संपली कीं पुन्हां शोध. हें घरांत आरंभींच मोकळेपणानें बोललें जावें.

ह्या अनिश्चिततेंतूनच मोठीं माणसें घडलीं, हेंहि खरें. डॉ. सलीम अली ह्यांच्यापाशीं विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील त्यांची जागा १९३०च्या सुमारास रद्द झाली. तेव्हां, खर्च मिळाल्यास वेतनावांचून पक्ष्यांची पाहणी करून देईन, अशी तयारी त्यांनीं दाखविली. आणि १९३१-३२ मध्यें त्यांनीं हैदराबाद संस्थानची पाहणी केली. आजचा धाराशिव जिल्हा त्या वेळीं उस्मानाबाद ह्या नांवानें त्याच संस्थानांत होता. दुसरें उदाहरण सोलापूरच्या मारुती चितमपल्ली ह्यांचें. १९३२ मध्यें जन्मलेल्या ह्या गृहस्थानें कोइमतूर येथें वनशिक्षण घेतलें, नवेगांव, नागझिरा, मेळघाट येथें आयुष्य वेंचलें आणि जंगलांतील माणसांपासून शिकलेले पशुपक्ष्यांचे शब्द मराठीस दिले. २०२५ सालीं पद्मश्रीचा बहुमान त्यांना लाभला. त्याच वर्षीं सोलापुरांत त्यांचें देहावसान झालें. एकानें नोकरी गमावून काम केलें, दुसऱ्यानें नोकरींत राहून. पण दोघांचीहि नोंदवही कधीं मिटली नाहीं.

म्हणून ज्या घरांत असा ध्यास घेतलेलें मूल असेल, तेथें त्याला आधीं वही द्यावी. घराजवळच्या तळ्यावर कोणते पक्षी केव्हां येतात, माळावर गवत केव्हां फुलतें, मेंढपाळांना लांडगा कोठें दिसला, हें त्यानें वर्षभर तारखेनिशीं लिहावें. वर्षानंतरहि उत्साह टिकला, तर तो ध्यास खरा समजावा. आणि मग पशुवैद्यक, संख्याशास्त्र, कायदा, अध्यापन ह्यांपैकीं एखादी पोट भरणारी विद्या त्याच्या हातीं असेल, असें पाहावें. येडशीचा वाघ बोलावणें न धाडतां आला. पुढचा येईल तेव्हां त्याचे पट्टे वाचणारें आणि ज्याची गाय गेली त्याच्या दारीं बसणारें माणूस ह्याच जिल्ह्यांतलें असावें, एवढी तयारी आजपासून करतां येण्यासारखी आहे.