लाटा, वीज आणि बुडालेलं आरमार: ऑर्कनीची अभ्याससहल
समुद्रविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना न्यायला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. सोय अभ्यासाची, हवामान मात्र कुणाचे लाड करत नाही.

स्ट्रॉमनेस या बंदरगावात २००३ पासून युरोपियन मरीन एनर्जी सेंटर आहे. जवळच्या बिलिया क्रू इथे लाटांवर चालणारी यंत्रं तपासली जातात, तर भरती-ओहोटीच्या प्रवाहावरची ईडे बेटापाशी. अटलांटिक आणि उत्तर समुद्राच्या भरतीच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून पाणी सेकंदाला जवळपास ४ मीटर वेगाने धावतं. २०२१ मध्ये इथे आलेलं ‘ऑर्बिटल ओ-टू’ हे तरंगतं यंत्र ७४ मीटर लांब, २ मेगावॉट क्षमतेचं. वारा कधी पडेल याचा नेम नाही, पण भरतीचं गणित वर्षानुवर्षं आधी मांडता येतं. (कोकणातला कोळी ते तिथीवरून सांगतो!)

मग डायव्हिंग. स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरात २१ जून १९१९ रोजी जर्मन नौदलाने नजरकैदेतली आपलीच जहाजं बुडवली. ५२ तळाला गेली. बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढली गेली. उरलेल्या तीन युद्धनौका आणि चार क्रूझर आज पाणबुड्यांचं आकर्षण आहेत. शंभर वर्षांच्या लोखंडावर मऊ प्रवाळ आणि समुद्रफुलं वाढली आहेत, म्हणजे जीवशास्त्राचा तासही तिथेच.

१९३९ मध्ये बुडालेल्या ब्रिटिश ‘रॉयल ओक’वर मात्र डायव्हिंगला बंदी आहे, ती सैनिकांची समाधी आहे.

पाणी उन्हाळ्यातही थंडगारच, म्हणून बहुतेक जण ड्रायसूट घालूनच उतरतात.