आपल्या गल्लीतली गायन पार्टी आपणच जगवायची



आमच्या मंडळाचा जमाखर्च लिहिण्याचे काम गेली बरीच वर्षे माझ्याकडे आहे. दिवसभर कचेरीत आकडे, संध्याकाळी विहारात आकडे. जयंती पार पडली की पावत्यांची पिशवी घेऊन मी बसतो आणि मंडप, रोषणाई, बॅनर, भोजनदान, डीजे अशी एकेक रक्कम खतवतो. गेल्या जयंतीला अगदी शेवटी मीच लिहिले, 'गायन पार्टी : चहापाणी व रिक्षाभाडे.' लिहिले आणि हात थांबला. आठ माणसे घसा फोडून गायली आणि मानधनाच्या रकान्यात शून्य! वर डीजेची गाडी आली म्हणून त्यांचा कार्यक्रम आम्ही अर्ध्यावर आटोपायला लावला. पेटीवाल्या दादांनी तक्रार केली नाही. पेटी खांद्याला मारली, जयभीम केला आणि निघून गेले.

'आपलीच माणसे, त्यांना पैसे कसले?' असे आपण म्हणतो. पण डीजेवाला आपला असला तरी तो इसार घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही. मग हा नियम फक्त गाणाऱ्यालाच का?

शहरातली पोरे आज 'स्वतंत्र बँड' म्हणतात. म्हणजे काय, तर मागे कंपनी नाही, शेठ नाही. गाणे आपणच लिहायचे, चाल आपणच लावायची, वाद्ये आपणच वर्गणी काढून घ्यायची. आपल्याला यात नवे ते काय? नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात जलसा उभा केला तो असाच. तमाशाची ढोलकी आणि सवाल-जवाब घेतले आणि त्यातून शिक्षण, स्वाभिमान व हक्क यांची गोष्ट गावोगाव सांगितली. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांना बाबासाहेबांचा लढा या जलशांनी समजावला.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक यांना मोठेपणी अक्षर ओळख झाली. ते २००४ साली गेले, पण मागे शेकड्यांनी गाणी ठेवून गेले. विठ्ठल उमप तर २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. ही मोठी नावे झाली. त्यांच्या मागे वस्तीवस्तीत किती ढोलकीवाले, किती कोरस देणारे होऊन गेले, त्यांची नोंद कोणी ठेवली? कामाची पाळी संपवून यायचे, तालीम करायची, रात्रभर गायचे आणि सकाळी पुन्हा कामावर हजर!

१९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि हा आवाज घराघरांत पोहोचला. ६ डिसेंबरला दादरच्या पदपथावरून पुस्तक आणि कॅसेट घेतल्याशिवाय आपण परतत नसू. आता कॅसेट गेली, सीडी गेली, मोबाईल आला. मोबाईलने चांगलेही केले. मराठवाड्यातल्या कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज त्यामुळेच महाराष्ट्रभर ऐकला गेला. पण मोबाईलवर गाणे फुकट मिळते, म्हणून गाणाऱ्यालाही फुकट समजायचे का?

तरुण म्हणतात, पेटी-ढोलकी जुनी झाली. मग गिटार घ्या, हरकत नाही! चेन्नईत २०१७ साली चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा राहिला. तिथल्या कामगार वस्त्यांतले 'गाना' गीत, 'परई' हे चामड्याचे वाद्य आणि आजचे रॅप यांची त्यांनी मोट बांधली. ज्या वाद्याला हिणवले गेले, ते त्यांनी मानाने मंचावर आणले. मुंबईत 'धम्म विंग्ज'च्या मुलांनी बुद्ध आणि बाबासाहेबांची गाणी गिटारवर गायली. वाद्य कोणते हा वाद नकोच. गाणे कोणाचे आणि कशासाठी, हे महत्त्वाचे.

ही मंडळी शोधायची कुठे? लांब जाऊ नका. वर्षावासात विहारात संध्याकाळी कोण गाते ते ऐका. शेजारच्या वस्तीतल्या लग्नात, नामकरणात, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कान उघडे ठेवा. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला लहान लहान पथके उभी राहून गात असतात. तिथे दोन मिनिटे थांबा, नाव विचारा, फोन नंबर लिहून घ्या. आपल्या घरातही बघा. आईला, आजीला कितीतरी गाणी पाठ असतील. ती वहीत उतरवून घ्या.

आता हिशेबाचे बोलू. समजा वस्तीत २०० घरे आहेत आणि घरटी ५० रुपये निघाले, तर १०,००० रुपये होतात. आठ जणांत प्रत्येकी १,२५० रुपये आले. कोणी श्रीमंत होणार नाही, पण त्या दिवसाचा खाडा भरून निघेल, ढोलकीला नवे पान चढेल आणि पोराला वाटेल की बापाच्या कलेला किंमत आहे. रक्कम आधी ठरवा, थोडा इसार द्या, बाकी मंचावरून उतरताच हातात ठेवा. 'नंतर बघू' म्हणू नका.

वेळेचेही पाहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सवलत मिळते. म्हणजे डीजे आधी आणि गायन नंतर ठेवले, तर गायन मेलेच म्हणून समजा. संध्याकाळी ७ ला गायन सुरू करा. म्हातारी माणसे आणि लहान मुले जागी असतात तेव्हाच.

तिसरी गोष्ट नावाची. प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव मंचावरून सांगा. २०१२ च्या कायदा दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीत समान वाटा दिला आहे आणि गीतावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. पण ज्याचे नावच कोणाला ठाऊक नाही, त्याच्या वारसाने हक्क सांगायचा कुठे? आपल्या पार्टीने नवे गीत रचले तर तारीख, कवी, चाल सारे वहीत लिहून ठेवा आणि चित्रीकरण टाकताना खाली ती नावे द्या.

हिशेब मिटवल्यावर मी पेटीवाल्या दादांच्या घरी गेलो. माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "पैशाचं सोडा हो. आमचा ढोलकीवाला आता पार्सल पोचवतो. त्याच्या पोरानं ढोलकीला हात लावला नाही. पुढच्या वर्षी ठेका कोण धरणार, ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या जयंतीच्या वहीत मी एक बदल करून ठेवला आहे. खर्चाच्या पहिल्याच ओळीत लिहिले आहे, 'गायन पार्टी : मानधन.' मंडप त्याच्या खाली. रक्कम कमिटीने भरायची आहे. तुमच्या मंडळाची वही ज्याच्याकडे असेल, त्यालाही एवढे सांगा.

जयभीम!