झटके थांबले, थकव्याचे काय?

जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अपस्माराच्या रुग्णाला डॉक्टरांची मोजकी मिनिटे मिळतात. त्यांत एक प्रश्न हमखास असतो : ‘मागच्या खेपेनंतर झटका आला होता का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर जुनीच चिठ्ठी पुढे चालू राहते. व्यवस्थेच्या लेखी उपचार यशस्वी झाला. रुग्ण मात्र सकाळी उशिरापर्यंत गुंगीत असतो, दुपारी हातचे काम टाकून भिंतीला टेकतो, आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे असे त्याला वाटतही नाही. कुणी विचारलेलेच नसते.

भारतात अपस्मार असलेल्यांची संख्या एक कोटीच्या घरात मानली जाते. योग्य औषधे नियमित मिळाली, तर सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. त्यामुळे आपल्याकडील धोरणचर्चा ‘किती जणांपर्यंत गोळी पोहोचलीच नाही’ या प्रश्नाभोवती फिरत राहिली. प्रश्न रास्त आहे. पण पोहोचलेली गोळी का सोडली जाते, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. ज्याने ती सोडली, त्याची नोंद ‘औषध नियमित न घेणारा’ अशी होते आणि दोष त्याच्या माथी येतो. अपस्माराची औषधे एकाएकी थांबवली, तर झटक्यांमागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. हा धोका पत्करूनही माणसे गोळी सोडतात, तेव्हा ती कशाला कंटाळली होती, हे विचारायला हवे.

औषधांचा इतिहास इथे बोलका आहे. फेनोबार्बिटल १९१२ मध्ये बाजारात आले ते झोपेचे औषध म्हणून. झटके रोखण्याचा त्याचा गुण त्याच वर्षी लक्षात आला. शंभर वर्षांनंतरही ते गरीब देशांचा आधार आहे, कारण ते स्वस्त आहे आणि शरीरात दिवसेंदिवस टिकत असल्याने रात्री एक मात्रा पुरते. मात्र याच टिकाऊपणामुळे गुंगीही रेंगाळू शकते. तरी या औषधाला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील मुलांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फेनिटोइनच्या तुलनेत त्याचे वर्तनविषयक दुष्परिणाम अधिक आढळले नव्हते. उलट, नव्या पिढीतले लेव्हेटिरॅसिटामही काहींना सुस्ती आणि चिडचिड देते. कोणती गोळी कुणाला झेपेल, हे त्या माणसाला विचारूनच कळते.

शिवाय थकव्याचा सारा दोष गोळीचा नसतो. रात्री झोपेत येणारे झटके रुग्णालाही कळत नाहीत. सकाळी अंग मोडून आलेले असते इतकेच. नैराश्य अपस्माराच्या पाठीशी वारंवार असते आणि तेही थकव्याच्या रूपाने बोलते. त्यात आपल्या देशाची जुनी भर : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. अशा स्त्रीची गोळी बदलण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहणे हे साधे शहाणपण. ती तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

या थकव्याची किंमत कामाच्या जागी मोजली जाते. वीटभट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते, आसामच्या चहामळ्यांत दिवसाची खुडणी काट्यावर जोखली जाते. तिथे मंदावलेला हात म्हणजे थेट बुडालेला पैसा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात दीर्घकालीन मज्जाविकारांची उदाहरणे म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत. अपस्माराचे नाव नाही. मग झटके थांबलेल्या, पण उभे राहण्याचे त्राण नसलेल्या माणसाने कोणता दाखला दाखवायचा?

स्त्रियांची कोंडी याहून गहिरी. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा उल्लेख संसदेने १९९९ मध्ये वगळला. फसवणुकीच्या कारणावरून विवाह रद्द ठरवण्याची तरतूद मात्र कायम आहे आणि तिचे भय घराघरांत आहे. म्हणून आजार लपवून लग्ने होतात, गोळ्या धान्याच्या डब्यात दडवल्या जातात. आजारच गुपित असेल, तर त्याच्या थकव्याला नाव कोणते द्यायचे? सासरी त्याला आळस म्हणतात. पहाटे उठता यावे म्हणून रात्रीची गोळी चुकवणारी सून तिच्या परीने हिशेबच करत असते.

आर्थिक आधाराची रचनाही या आजाराशी जुळत नाही. आयुष्मान भारतमधील प्रधानमंत्री जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. अपस्माराचा खर्च मात्र महिन्यामागून महिना बाह्यरुग्ण विभागात आणि औषधांच्या दुकानात होतो. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत फेनोबार्बिटलसोबत कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरॅसिटाम आहेत. यादीत असणे आणि तालुक्याच्या फडताळात असणे यांत अंतर आहे. पर्यायी औषधच नसेल, तर डॉक्टर थकव्याविषयी विचारून तरी काय करणार?

तरीही पुष्कळसे काम स्वस्तात होण्याजोगे आहे. लिव्हरपूल येथे तयार झालेल्या एका प्रश्नावलीत औषधांच्या १९ त्रासांविषयी विचारले जाते, त्यांत थकवाही आहे. तिच्यातले चार-पाच प्रश्न भारतीय भाषांत पारखून घेतले, तर गोळ्या वाटपाच्या दिवशी परिचारिका ते विचारू शकेल. उत्तर चिंताजनक असेल, तर ई-संजीवनीवरून तज्ज्ञाचा सल्ला घेऊन मात्रेची वेळ बदलता येते, मात्रा हळूहळू कमी करता येते, दोन औषधांवरून एकावर येता येते.

जागतिक आरोग्य सभेने मे २०२२ मध्ये मंजूर केलेल्या कृती आराखड्यात २०३१ पर्यंतची तीन उद्दिष्टे आहेत : ९० टक्के रुग्णांना आपला आजार उपचारसाध्य आहे हे माहीत असावे, ८० टक्क्यांना परवडणारी सुरक्षित औषधे मिळावीत, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके आटोक्यात यावेत. भारताने आपले अहवाल भरताना तिसऱ्या उद्दिष्टाशेजारी आणखी एक रकाना स्वतःहून आखावा : झटके थांबलेल्यांपैकी किती जण पुन्हा कामावर गेले.