वजन घटलं, पण पोटाची रचना बदलली

पोटात कळा आणि उलट्या घेऊन कुणी कॅज्युअल्टीत आलं, की नेहमीचे उपचार सुरू होतात: नाकातून रायल्स ट्यूब, ग्लुकोजचं सलाइन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. रुग्णावर पूर्वी वजन घटवण्याची, म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झालेली असेल, तर हे तिन्ही उपचार त्याला बाधू शकतात.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी तेवढी ठेवतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अशा पोटात रायल्स ट्यूब अंदाजाने सरकवली, तर टाक्यांच्या जागी भोक पडू शकतं. ट्यूब घालावीच लागली, तर सर्जनच्या सल्ल्याने, दुर्बिणीतून किंवा एक्स-रेच्या पडद्यावर पाहत घालावी.

ग्लुकोजचा धोका वेगळा. शरीरातला थायमिनचा (ब१ जीवनसत्त्वाचा) साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या होत असतील, तर तो लवकर आटतो. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतंच. त्यामुळे नुसतं ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला इजा होते: रुग्ण भ्रमिष्टासारखा वागतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी द्यायचं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी बायपासच्या जोडावर व्रण होतात. दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल जास्त सुरक्षित.

पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत मोठी भीती असते ती टाक्यांतून गळती होण्याची. एरवी पोटात जंतुसंसर्ग पसरला, की पोट लाकडासारखं कडक लागतं. स्थूल रुग्णाचं पोट मात्र मऊच लागू शकतं आणि ताप असेलच असं नाही. अशा वेळी नाडी पाहायची. ती मिनिटाला १२० च्या वर टिकून राहिली, तर गळती आहे असं धरूनच तपासण्या करायच्या. दम लागत असेल, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची शक्यताही तितकीच गंभीर.

बायपासनंतरचा एक धोका मात्र वजन उतरल्यावरच डोकं वर काढतो. आतडं नव्याने जोडताना आतड्याच्या पडद्यात फटी राहतात. चरबी झडते तशा त्या रुंदावतात आणि आतड्याचं वेटोळं त्यांत शिरून पिळलं जातं. यालाच अंतर्गत हर्निया म्हणतात. कळ येते, विशेषतः जेवल्यावर, आणि आपोआप थांबते. कळ थांबल्यावर काढलेला सीटी स्कॅन निर्दोष दिसू शकतो. तेवढ्यावर रुग्णाला घरी पाठवणं धोक्याचं. शंका कायम असेल, तर दुर्बीण घालून आत पाहावंच लागतं. गरोदरपणात वाढत्या गर्भाशयाने आतडी वर ढकलली जातात, तेव्हा हा धोका वाढतो. अशा कळांना ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नये.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे व्रण बारीक असतात, आणि ‘वजन कसं उतरलं’ हे अनेकजण घरच्यांनाही सांगत नाहीत. कॅज्युअल्टीत मात्र हे लपवू नये. कोणती शस्त्रक्रिया, कधी आणि कुणी केली, एवढी माहिती डिस्चार्ज कार्डावर असते. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरातल्या एकालाही पाठवून ठेवा. स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसलात, तर डॉक्टरांना तोच दाखवता येईल.